सांचेवाल्या मॅडम

आमच्या मॅडमना हळू बोलता येत नसे. समाजशास्त्र विभागात त्यांनी शिपायाला चहा सांगितला की खालच्या मजल्यावरच्या अर्थशास्त्रवाल्यांनाही चहाची तल्लफ यायची. गुपित सांगायचं म्हणून त्या मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात न्यायच्या आणि ते गुपित साऱ्या युनिव्हर्सिटीला कळायचं. नव्या मुली त्यांना टरकून असत. त्यांच्या हाताखाली संशोधनाला लागले तेव्हा मीही टरकून होते. मग एकदा त्याच म्हणाल्या, "अगं, रागावत नाहीये मी. हमारे यहाँ सब ऐसे ही बोलते हैं. बाबा सांचेखात्यात होते ना, ऐकू कमी यायचं त्यांना!"

सांचा म्हणजे माग. आजोबा महूच्या पलटणीत, वडील इंदूरच्या मिलमध्ये आणि मुलगी युनिव्हर्सिटीत रीडर. मागांच्या खडखडाटात शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून सांचेखात्यातले लोक हातांनी बोलत. मिशीला पीळ दिला की मुकादम आला. कानाची पाळी धरली की धागा तुटला. छातीवर बोटं टेकवली की घरी कोणी आजारी आहे. भांडणं, चहाड्या, सोयरिकी, सगळं हातांनी. मॅडम ही बोली घरीच शिकल्या, कारण वडील जेवताना आईकडे मीठही हातानेच मागायचे. विभागाच्या बैठकीत प्रमुख आत आले की मॅडम न चुकता आपल्या नसलेल्या मिशीला पीळ द्यायच्या, आणि मला हसू आवरायचं नाही.

मग एकेक करत मिल बंद पडू लागल्या. विणकर पांगले. कोणी टेम्पो चालवू लागला, कोणी भाजीचा ठेला लावला, कोणी गावी निघून गेला. मॅडमच्या जिवाला एकच घोर लागला, की आता ही बोलीही जाणार. एका संध्याकाळी मी त्यांच्या लूनावर मागे बसले होते. कृष्णपुऱ्याच्या पुलावर टेम्पोंचा नुसता कालवा चालला होता. पुलाच्या या टोकाला एक म्हातारा, त्या टोकाला दुसरा, आणि दोघांचे हात भराभर चाललेले. मॅडमनी करकचून ब्रेक मारला. "देख, देख! आपल्या सेमिनारमध्ये कधी इतकं मुद्द्याचं बोलतात का लोक?" मागून कोणीतरी ओरडलं, "अरे भिया, गाड़ी तो हटाओ!" मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मॅडम, लिहून नाही का ठेवता येणार?" मी विचारलं.

"पोळी लाटायची कशी ते लिहून दाखव. वाचून कोणाला पोळी लाटता आली, तर मीही लिहीन."

चालता हात टिपायला हवा होता. त्यासाठी व्हिडिओ कॅमेरा हवा, तो चालवणारा हवा, पांगलेल्या विणकरांच्या गावी जायला हवं. म्हणजेच अनुदान हवं. अनुदानाचा अर्ज हे आमच्याकडे एक व्रतच होतं. प्रमुखांची सही, डीनची शिफारस, कुलसचिवांचा शिक्का, सगळं 'योग्य मार्गाने'. मॅडम दर साली अर्ज करायच्या आणि दर साली दिल्लीहून गुळगुळीत इंग्रजीत नकार यायचा. वाराच तसा होता. ज्याच्या त्याच्या तोंडी जागतिक बाजार होता, आणि कुठल्याही विषयाला आधी त्याचा उपयोग विचारला जायचा. प्रमुखांनी प्रेमाने सुचवलं, "मैडम, टॉपिक में कहीं कंप्यूटर डाल दीजिए." मॅडम म्हणाल्या, "सर, बाबांच्या हातात कुठे डालू कंप्यूटर?"

अखेर एकदा मुलाखतीचं बोलावणं आलं. मॅडम नवी साडी नेसून दिल्लीला गेल्या, सोबत मला नेलं. मी बाहेर बाकावर बसले होते. दार बंद होतं, पण मॅडमचं बोलणं मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. "मिलें बंद हो रही हैं, इसीलिए तो अभी चाहिए, सर!" मग जरा वेळाने, "नहीं नहीं सर, मैं नाराज़ नहीं हूँ, मेरी आवाज़ ही ऐसी है!" मॅडम बाहेर आल्या, पदराने तोंड पुसलं.

"त्यांना वाटलं मी भांडतेय," त्या म्हणाल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्या समितीचा मला अजूनही राग येतो.

मंजुरी आली नाहीच. मॅडम निवृत्त झाल्या. त्यांचे बाबा गेले, मग पुलावरचे ते दोघेही दिसेनासे झाले. माझी नोकरी भोपाळला होती. तिथे कळलं की मॅडमना अर्धांगाचा झटका आला आहे. मी तडक निघाले.

त्या राजेंद्र नगरला भाचीकडे राहत होत्या. दार उघडून भाची म्हणाली, "मावशीची वाचा गेली आहे." मॅडम असलेलं घर इतकं शांत असू शकतं हेच मला सहन होईना.

मॅडमनी मला लगेच ओळखलं. चादरीतून डावा हात बाहेर काढला, बोटं मिटली, मूठ कपाळाला लावली आणि माझ्या दिशेने आणून हळूच उघडली. मला मुकादम कळत होता, तुटलेला धागा कळत होता. ही खूण मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी ती पुन्हा केली, आणखी एकदा केली. मग माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना काय ते समजलं आणि हात चादरीवर पडला. मी माझ्या छातीवर बोटं टेकवली. घरी कोणी आजारी आहे. मॅडम अर्ध्या चेहऱ्याने हसल्या.

थोड्याच दिवसांनी त्या गेल्या. भाची म्हणते, आशीर्वाद दिला असेल. माझे यजमान म्हणतात, पाणी मागितलं असेल. मी कधी कधी आरशासमोर उभी राहून ती खूण करून बघते. हात अगदी बरोबर फिरतो. पण तिचा अर्थ सांगेल असं इंदुरात आता कोणी उरलेलं नाही, आणि मॅडम शेवटी माझ्याशी काय बोलल्या ते मला अजून कळलेलं नाही.