गोधडीशी बोलणाऱ्या आत्याबाई

घरात गोधड्या शिवणारं माणूस असलं की दोन गोष्टींचे ढीग होतात. एक चिंध्यांचा आणि दुसरा किश्श्यांचा. चिंध्या निदान कधीतरी संपतात. किस्से मात्र एक ओढला की त्याच्या टोकाला दुसरा अडकून येतो. आमच्या घाटंजीच्या घरात हे दोन्ही ढीग माझ्या सासूबाईंनी लावले. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. गोधडी ही त्यांची निव्वळ हौस होती. घरात माणसं चार, आणि गोधड्या इतक्या की ऐन उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यालाही एक अंगावर घ्यावीच लागायची.

ही साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. लग्न होऊन मी पुसदहून आले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते आणि आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. दिवसभर घरात आम्ही दोघीच. मध्ये गोधडी अंथरलेली, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा आणि जे जड सापडेल ते ठेवलेलं. एका अंगाला त्या, दुसऱ्या अंगाला मी. धावदोरा घालत मध्याकडे सरकायचं. त्यांचा हात चालायचा त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. गावातली लग्नं, भांडणं, कुणाची म्हैस आटली, सगळं. माहेरची आठवण काढायला मला उसंतच मिळाली नाही.

*

कपडा जुना झालाय की नुसता मळलाय, हा फरक आत्याबाई करत नसत. एकदा यांच्या शाळेची तपासणी होती. यवतमाळहून साहेब येणार होते. यांचं एकुलतं एक ठेवणीतलं धोतर सकाळपासून सापडेना. थंडीचे दिवस. हे अंगावर गोधडी गुंडाळून घरभर फिरताहेत, पेट्या उघडताहेत, माझ्यावर चिडताहेत.

आत्याबाई चुलीपासून म्हणाल्या, "काहून बोंबलून राह्यला रे? तुह्या अंगावरच तं हाय."

यांनी गोधडी उलटी करून पाहिली. आतून अस्तर म्हणून धोतर, काठासकट!

"माय, हे नवं होतं."

"मंग काय झालं? नव्याची गोधडी लई टिकते."

मास्तर पायजम्यावर तपासणीला गेले. साहेबही पायजम्यातच आले होते. शाळेला चांगला शेरा मिळाला आणि त्याचं सगळं श्रेय आत्याबाईंनी घेतलं.

*

असं आमचं हसतंखेळतं घर. त्यात माझं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा आत्याबाईंनी मला जवळ घेऊन, दिवसदिवस बोलून बोलून जागेवर आणलं. पुढल्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. मी त्यांना सांगितलं, त्यांनी माझी दृष्ट काढली, हातावर गूळ ठेवला. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी मी विचारलं, "आत्याबाई, भाकरी किती टाकू?" तर त्या उत्तरच देईनात.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं. त्या उठून परसात गेल्या आणि तिथे दात घासणाऱ्या मामंजींना म्हणाल्या, "भाकरी कालच्याइतक्याच टाका म्हणा."

मामंजी तोंडातलं दातवण काढून बघतच राहिले. त्यांनी जन्मात भाकरी टाकली नव्हती.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बाकी सगळ्यांशी बोलत होत्या, दूधवाल्याशी, मांजराशीसुद्धा. फक्त मला वगळून. माझं काय चुकलं? भाजीत तिखट जास्त पडलं? माहेरचं कोणी काही बोललं? डोक्याचा भुगा झाला तरी काही सापडेना. शेवटी एकच गोष्ट मनात घर करून बसली, की पहिलं टिकलं नाही त्याचा राग आता बाहेर येतोय. हेही गेलं तर या घरात मला कोण विचारणार, या भीतीने मी पोटावर हात ठेवून बसायचे.

*

गोधडी मात्र थांबली नाही. दुपार झाली की दोघी दोन बाजूंना बसायचो. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आत्याबाईंना लेक नव्हती, म्हणून त्या गोधडीला बोलायच्या.

"हे टोक सैल पडून राह्यलं. कोणी ताणून धरलं तं बरं होइन."

मी ताणून धरायचे.

"घागर उचलाची नाई म्हणा. बिलकुल नाई."

गोधडी कशाला घागर उचलेल? पाण्याला उठलेली मी गोंधळून हातातली घागर खाली ठेवायचे.

एकदा वाटलं, आपणही याच रस्त्याने जाऊन पाहावं. मी मान खाली घालून गोधडीला म्हटलं, "गोधडे, माझं काय चुकलं तेवढं सांग."

आत्याबाई कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत बसल्या. दोरा आधीच ओवलेला होता.

*

जवळच्या तांड्यावरची धानीबाई बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीवर टेकायची. आत्याबाईंना याडी, म्हणजे आई, म्हणायची, चिंध्या आणून द्यायची, काचेचे तुकडे कसे बसवायचे ते दाखवायची. आत्याबाईंना आयताच निरोप्या मिळाला.

"धाने, इले सांग, दूध पिऊन घे म्हणा."

धानीबाईने माझ्याकडे पाहिलं. मी हाताच्या अंतरावर बसलेली. "याडी, ही तं इथंच हाय."

"तू सांग नं."

धानीबाईने थोडा विचार केला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि जोरात ओरडली, "दूध पी म्हणते!" वर हाताने पेल्याची खूणही केली.

मी दचकून दूध प्यायले. धानीबाई कीव करत बाजारात गेली. संध्याकाळी मी भाजी घ्यायला गेले, तर माळीणबाई तोंडाने भावच सांगेना, नुसती बोटं दाखवी. बांगडीवालीने माझा हात धरून शेजारणीला सांगितलं, "पाह्य नं, एवढी चांगली पोर अन् देवानं कान नाई देले."

आणि ही बातमी पुसदला पोचली. एक दिवस माझे बाबा लसणाचं तेल घेऊन बसने हजर! ओसरीत पाऊल टाकल्या टाकल्या ओरडून विचारलं, "बाई, आयकू येते का वं?"

"येते बाबा. हळू बोला."

बाबा आत्याबाईंकडे वळले. "विहीणबाई, इले तं आयकू येते."

"काहून नाई येणार?" आत्याबाई म्हणाल्या. "मी रोज इतकं बोलतो."

बाबांना काही कळेना. मला कळत असतं तर मीच त्यांना सांगितलं असतं. जेवण करून ते तेल घेऊन परत गेले.

*

यांनीही एकदा मध्यस्थी करून पाहिली. वर्गात दोन पोरं भांडली की करायचे तशी, दोघींना समोरासमोर बसवून.

"माय, तू इच्याशी काहून बोलत नाई?"

"कोण म्हणते?"

"मग बोल आता."

"तू साळंत जाय, घंटा झाली."

"आज रविवार हाय."

"मंग आंघोय कर."

मास्तर मुकाट्याने आंघोळीला गेले. वर्गात त्यांचा फार धाक होता म्हणतात.

*

सातवा लागला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी गोधडीच्या मध्यापर्यंत येऊन पोचलो होतो. डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ. पाहते तर आत्याबाई आपल्याच लुगड्याचा पदर गोधडीत शिवत चाललेल्या. चांगला वीतभर आत गेलेला. आता सांगायचं कसं? त्या माझ्याशी बोलत नाहीत, मी बोललेलं ऐकत नाहीत.

मी गोधडीला म्हटलं, "गोधडे, कुणी उठू नये बरं. उठलं तर तूही संगं उठशील."

आत्याबाईंनी खाली पाहिलं आणि त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. मला वाटलं, झालं, सुटला गुंता, आता बोलतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हललेही. मग दातांनी दोरा तोडला, पदर सोडवला, तोंडाशी धरला आणि चुलीकडे निघून गेल्या.

मी तिथेच बसून रडले. एवढं हसूनही जी बाई बोलत नाही, तिच्या पोटात माझ्याविषयी केवढा राग असेल!

*

आठव्यात बाबा मला न्यायला आले. निघताना मी आत्याबाईंच्या पाया पडले, म्हटलं, "येते." यावर मोठ्या माणसाने "ये" म्हणायचं असतं. त्यांनी तोंड फिरवलं. पण स्टँडपर्यंत चालत आल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, गचके नको देऊ." ड्रायव्हर म्हणाला, "गाडी माही हाय बाई, रस्ता सरकारचा हाय." आर्णी येईस्तोवर मी डोळे पुसत होते.

पुसदला मुलगी झाली. सगळं सुखरूप पार पडलं. बाराव्या दिवशी बारशाला आत्याबाई आल्या, काखेत गाठोडं घेऊन. फाटकातूनच सुरू झाल्या.

"काय वं, किती बारीक झाली? मांजर व्याली आपली, दोन पिल्लं काये हाय, एक पांढरं. मास्तरनं तव्यावर भाकरी जायली, तुह्या मामंजीनं तशीच खाल्ली. धानी इचारत होती तुले. अन् हे काय, डोक्याले कापड बांधलं नाई?"

माझी आई पायांवर घालायला पाणी घेऊन उभी, तिला मध्ये शिरायला जागाच मिळेना. मी मागे वळून पाहिलं. वाटलं, माझ्यामागे कोणी उभं असेल, त्याच्याशी बोलताहेत. मागे भिंत होती. मग मला हुंदकाच आला.

"आत्याबाई, गेला का तुमचा राग?"

"कोणाचा राग?"

"माझ्यावरचा. इतके महिने बोलला नाहीत."

त्यांनी गाठोड्यातून लहानशी मऊ गोधडी काढली, बाळाला तिच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं.

"बाप्पा, राग कायले? नवस होता. केयापूरच्या देवीले म्हटलं, हे लेकरू सुखरूप येऊ दे, तोवर मी माही सगळ्यात आवडती चीज सोडतो. सांगून देलं तं नवस फयत नाई, म्हून तुले सांगता नाई आलं."

माझी आई अजून तांब्या धरून उभीच होती. ती म्हणाली, "पण विहीणबाई, लोक नवसाले वांगं सोडतात, गूळ सोडतात."

आत्याबाई बाळाच्या हनुवटीखाली गोधडीचं टोक सारखं करत म्हणाल्या, "सोडलं असतं वांगं. पण मले वांगं आवडतेच कुठी?"