दुसरी किल्ली

डेस ऑर्मरॉडने जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या. आणि तीसेक वर्षं एक अशी गाडी सांभाळली, जिच्यासारख्या जगात फक्त नऊ झाल्या.

तिचं नाव हॉथवेट. उत्तर इंग्लंडातल्या टॉडमर्डन गावाच्या खालच्या अंगाला, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या एका शेडमध्ये दोन भावांनी त्या नऊ गाड्या बांधल्या. ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी साच्यावर ठेवायचा आणि हातोडीने ठोकत राहायचं. त्यामुळे एकही गाडी दुसरीसारखी झाली नाही. डेसच्या गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा किंचित खाली होता. समोरून पाहिलं की ती मान तिरकी करून कुणाचं तरी ऐकतेय असं वाटे. नववी गाडी बाहेर पडली आणि भावांनी शेडला कुलूप लावलं.

डेसची गाडी हॅलिफॅक्सच्या एका गालिचेवाल्याने बांधून घेतली होती. त्याचा धंदा बसला तेव्हा ती एका दंतवैद्याकडे गेली. दंतवैद्याने ती मिस सटक्लिफना देऊन टाकली. त्या शाळेत संगीत शिकवायच्या. का दिली, यावर गावाने बरंच तोंडसुख घेतलं. मिस सटक्लिफ केसांना रुमाल बांधून गाडी चालवत राहिल्या. पुढे संधिवाताने बोटं वाकली, गिअर पडेना झाला. तेव्हा त्यांनी डेसला बोलावलं. गाडीची कामं तोच करायचा.

ही गाडी नव्या मालकाला देण्याची एक रीत होती. गालिचेवाल्याने घातलेली. नव्या मालकाने चालवायची, जुन्याने डावीकडे शेजारी बसायचं. माळावरच्या रस्त्याने वर जायचं आणि माथ्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबायचं. जुन्याने नव्याला बेकन घातलेला पाव खाऊ घालायचा. पाव संपला की खिशातून दुसरी किल्ली काढून टेबलावर ठेवायची. तोवर गाडी दिली असं म्हणायचं नाही. कागदावर यातलं काहीही नव्हतं.

"चालती ठेव, डेस्मंड," मिस सटक्लिफ म्हणाल्या होत्या. "बाकी काही नको."

"ठेवतो."

"उभ्या राहिल्या की मरतात या."

"मी बसडेपोत कामाला आहे, मिस सटक्लिफ. मला माहीत आहे."

"मग पाव खा. गार होतोय."

डेसने ती चालती ठेवली. नोकरीत असताना, निवृत्त झाल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावरही. गाडी कमरेइतकीच उंच. आत शिरायचं म्हणजे आधी बूड टेकायचं आणि मग पाय एकेक करून आत ओढायचे. ती तेल गाळायची. तिच्याखाली कायम एक पत्र्याचा ट्रे असे. सकाळी ट्रेमध्ये तेल दिसलं की डेसला बरं वाटे. गळत नाही म्हणजे आत तेलच उरलेलं नाही, असं तो म्हणायचा.

"माझ्या शेजारी झोपला नसशील तेवढा तिच्याखाली झोपलायस," त्याची बायको पॉलिन म्हणे.

"तू तेल गाळत नाहीस."

"गाळते. तू बघत नाहीस."

दर वसंतात तो मिस सटक्लिफना शेजारी बसवून माळावर एक फेरी मारून आणायचा. मग त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि त्यांना गाडीत बसणंही जमेना. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येई.

"चालतेय?"

"चालतेय."

एवढंच बोलणं. फोन बंद.

मग डेसच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला आणि पसरत गेला. समोरचं दिसेना, फक्त कडेकडेचं दिसे. डॉक्टरांनी हात वर केले. डेसने लायसन्स पाकिटात घालून सरकारकडे परत पाठवलं. पॉलिनला त्या गाडीचा क्लच दाबवत नव्हता. पोरंबाळं नव्हती. गाडी कुणाला तरी द्यायलाच हवी होती.

घेणारा कुणीतरी परदेशी राहणारा होता. तो आला नाही. त्याच्या वतीने टोबी नावाचा एक माणूस आला. नीटनेटका, चांगलं बोलणारा, पायपुसण्यावर बूट दोनदा पुसणारा.

"काही अट घालायची असेल तर सांगा, मिस्टर ऑर्मरॉड," टोबी म्हणाला. "करारात लिहून घेऊ."

"नको," डेस म्हणाला.

लिहून काय घ्यायचं? गाडी चालती ठेवा, हे? ते लिहून मागणं म्हणजे माणसाला त्याच्या तोंडावर चोर म्हणणं. डेसला ते जमलं नसतं. टॉडमर्डनच्या खोऱ्यात कुणालाच जमलं नसतं.

तो इतकंच म्हणाला, "वसंतात माळावर एक फेरी मारू. मी डावीकडे बसेन."

"अगदी, अगदी," टोबी म्हणाला. "मजा येईल."

हा सूर इंग्लंडात पोराटोरांनाही कळतो. कधीतरी या ना जेवायला, असं म्हणून दार लावून घेणाऱ्यांचा तो सूर. डेसलाही एरवी कळला असता. पण या गाडीच्या बाबतीत असं पोकळ कुणी कधी बोललंच नव्हतं.

चारी बाजूंनी बंद अशी एक लॉरी आली. तारेने ओढून त्यांनी गाडी आत चढवली. इंजिन सुरूसुद्धा केलं नाही. दुसरी किल्ली डेसच्या खिशात राहिली.

वसंत आला. टोबीचा फोन आला नाही. पुढचा वसंतही तसाच गेला. रविवारी मात्र मिस सटक्लिफचा फोन येत राहिला; गाडी गेल्याचं डेसने त्यांना सांगितलं नाही. चालतेय? चालतेय. तिसऱ्या वर्षी डेसने टोबीला गाठलं. एकदा येऊन बघा, टोबी म्हणाला. पॉलिन त्याला घेऊन गेली.

विमानतळाजवळचं एक गोदाम. आत ओळीने गाड्या, आणि प्रत्येक गाडीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा. फुग्यात एक छोटा पंखा घुमत होता. हॉथवेट शेवटून दुसरी होती. नीट दिसावी म्हणून डेसने मान तिरकी केली. पॉलिनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि मग दुसरीकडेच पाहिलं.

"खाली ट्रे नाही," डेस म्हणाला.

"लागत नाही. तेल काढून टाकलंय. पेट्रोलही. आता ती एकदम सुरक्षित आहे."

"सुरू कधी करणार?"

टोबी हळू आवाजात म्हणाला, "मिस्टर ऑर्मरॉड, मीटरवरचा आकडा आता हलला तर तिची किंमत उतरते. मालकांनी ती चालवायला घेतलेलीच नाही."

"मी आत बसू? नुसताच."

टोबीने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "माझ्या हातात असतं तर बसवलं असतं हो."

तो खरं बोलत होता. तेच वाईट होतं. भांडायला समोर कुणीच नव्हतं.

निघताना टोबी म्हणाला, "आणखी एक. दुसरी किल्ली तुमच्याकडे राहिलीय. दोन्ही असल्या की बरं पडतं."

"हवी असेल तर माळावरच्या टपरीवर ये," डेस म्हणाला. "इथे देणार नाही."

परतीच्या वाटेवर पॉलिन म्हणाली, "देऊ नकोस."

"गाडी त्यांची आहे."

"मग कालव्यात टाक."

"तू टाकशील?"

पॉलिनने गिअर जोरात टाकला.

शनिवारी टोबी आला. पॉलिन डेसला टपरीवर सोडून गेली होती. तिला ते बघायचं नव्हतं. टोबीची गाडी विजेवरची. टपरीवाल्या बेव्हने खिडकीतून डोकावून पाहिलं.

"आवाजच नाही हिला. मला वाटलं ढकलत आणलीस, राजा."

"बेकन चालत नाही मला," टोबी ओशाळून म्हणाला.

"अरे देवा. डेस, कुणाला धरून आणलंस? अंडं चालतं का? का कोंबडीलाही विचारून येऊ?"

अंडं चाललं. पैसे डेसने दिले. टोबीने किल्लीसाठी हात पुढे केला.

"आधी पाव संपव."

टोबीने पाव संपवला. बोटं पुसली. डेसने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्याला ती दिसत नव्हती, म्हणून तिच्यावर क्षणभर बोट ठेवलं आणि मग उचललं. टोबीने ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड चिमटीने दाबून बंद केलं.

"घरी सोडू तुम्हाला?"

"सोड."

डेस डावीकडे बसला. बूड टेकून पाय आत ओढायला गेला, पण त्याची गरज नव्हती. ही गाडी उंच होती. ते माळ उतरू लागले. आवाज नाही, थरथर नाही, पेट्रोलचा वास नाही. प्रत्येक वळणाआधी डेसचा डावा पाय क्लच दाबावा तशी खालची चटई दाबत होता. टोबीच्या ते लक्षात आलं. पुढची वळणं त्याने सावकाश घेतली.

रविवारी फोन वाजला. मिस सटक्लिफनी नव्वदी ओलांडली होती. आवाज बारीक झाला होता.

"चालतेय?"

डेस थांबला. तो कधी थांबत नसे.

"डेस्मंड?"

"कालच माळावर जाऊन आलो," तो म्हणाला. "मी डावीकडे बसलो होतो."

"अस्सं. किल्ली दिलीस?"

"दिली."

"कुणाला?"

"एक पोरगा आहे."

"बरा चालवतो?"

"वळणं बरी घेतो."

"मग ठीक," मिस सटक्लिफ म्हणाल्या. "आता मला काळजी नाही."

त्यांनी फोन ठेवला. डेसने ठेवला नाही. पॉलिनने जेवायला हाक मारली, पुन्हा मारली, मग दारात येऊन उभी राहिली. तो अजून फोन कानाला धरून बसला होता.