लॅटिनच्या सरांच्या सहीसाठी पनवेलला

अन्याय झाला तो एलायजा आपटेकर सरांवर. एकोणीसशे अठ्ठावन्न साली, मार्चच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. बावीस वर्षं आमच्या मुंबईच्या कॉलेजात ग्रीक आणि लॅटिन साहित्य शिकवलेल्या या माणसाला प्राचार्यांनी दारात उभं करून सांगितलं, जूनपासून वर्ग बंद. विद्यार्थी पाच लागतात, आहेत तीन. त्या तिघांतला मी एक. सर छत्री उचलून पनवेलला घरी निघून गेले.

मी निषेधाचा अर्ज लिहिला आणि शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर लाँच धरली. उरणच्या मोरा बंदरात ओहोटी, उतरताना एक चप्पल चिखलानं खाल्ली. उरणहून एसटीनं मिठागरं मागे टाकत, एक पाय अनवाणी, पनवेल गाठलं.

"सर, इथं सही."

"आज शनिवार."

सर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी तीन चांदण्या दिसेपर्यंत लेखणी धरायची नाही, चूल पेटवायची नाही. सर शनिवारी शिकवत नसत, तेव्हा आम्ही सुट्टी म्हणून खूश! कारण कोणी विचारलंय?

"चहासुद्धा नाही हं," सरांच्या पत्नी म्हणाल्या. "कालची मासळी आहे नारळाच्या दुधातली. गारच खायची."

उत्तम होती. पण माझ्या परतीच्या एसटीची वेळ होत आली होती, आणि मी ओटीवर येरझाऱ्या घालत होतो.

"जोतं झिजेल बाबा," सर म्हणाले. "चल, बंदरावर."

खाडीवर हिराजी नावाचा आगरी नाखवा शीड शिवत होता. सर त्याच्याजवळ उकिडवे बसले. "हिराजी, वारा एकदम वाढला तर शीड गुंडाळता ना?"

"गुंडालाला वेल (वेळ) कुठं हाय सर? आमी पाडतो. पयलं पाडायचं, मग देवाचं नाव."

"ग्रीक कवितेत मी 'गुंडाळतात' शिकवत आलो!"

"आज वही नाय ना तुमची? मी ध्येनात ठेवतो. उद्या लिवा."

"जूनमध्ये पोरांना दुरुस्त करून सांगायला..." सर बोलता बोलता थांबले. मला कोणाचा तरी गळा धरावासा वाटला.

तिसरी चांदणी दिसली तेव्हा एसटी कधीच गेली होती. सरांनी दिवा लावला, अर्ज नीट वाचला, आणि सही केली नाही.

"माझ्या सहीनं तिनाचे पाच होतात का रे?"

अर्ज उलटा करून कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं: 'दोन विद्यार्थी हवेत. पहिल्या अक्षरापासून शिकवीन.'

रविवारी लाँचमध्ये तो कागद मी दहादा वाचला. निषेधाची पत्रकं मी शंभर लिहीन, पण सर मागतात ते मला लिहून मिळणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, हळहळू नका. तुमच्या घरातून यंदा कोणी कॉलेजात जाणार असेल, मुलगा असो की मुलगी, तर अर्जातल्या भाषेच्या रकान्यात 'लॅटिन' लिहायला लावा. दोघंच हवेत. त्यातलं एक द्या.