धोका देणाऱ्याचेही पाय

परवाच्या रविवारी तेल्हाऱ्याच्या आमच्या चर्चमध्ये उपदेश मी केला. पाळक म्हणजे आमचे हे, आणि ते हिवतापानं गोधडीत कुडकुडत होते... क्विनाईन घेऊनही उठवेना.

अकोल्याहून दुसरा पाळक बोलवावा, असं मंडळीतल्या काहींचं म्हणणं. बाईमाणूस उपदेशाला उभी राहणार, हे त्यांना पचेना. मी म्हटलं, खेड्याखेड्यांत बायकांना बायबल मीच शिकवते ना... मग इथंही सांगेन.

उतारा योहानाचा तेरावा अध्याय. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तो. प्रभू असून तो वाकला, आपणही नम्र व्हावं... असं मी चांगलं रंगवून सांगत होते.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून याकोबदादा उठले. मंडळीतले सर्वांत वडील, तालेवार शेतकरी. विहिरीच्या पाण्यावरून तंटा झाला आणि धाकट्या भावानं, शिमोननं, कोर्टात त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. शिमोन नेहमीसारखा मागं दाराशी बसला होता.

"बाई, एक सांगा," दादा म्हणाले. "ज्यानं धोका देल्ला, त्या यहूदाचेबी पाय धुतले काय?"



"हो दादा," मी म्हटलं. "यहूदा तिथंच बसलेला होता. तो आपल्याला शत्रूंच्या हाती देणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी धुतले. यहूदानं आधी माफी मागावी म्हणून प्रभू थांबला नाही. यालाच कृपा म्हणतात."

"काहून पन?" दादांचा आवाज चिरकला.

"कारण यहूदाही प्रभूचा आपलाच माणूस होता."

दादा बाहेर निघून गेले. "घ्या, बाईनं मोठा माणूस दुखावला," कुणीतरी कुजबुजलं. मी आवाज खाली येऊ दिला नाही. उपदेश पुरा केला, गीत झालं, प्रार्थना झाली.

बाहेर येऊन आम्ही पाहतो तर आवारातल्या विहिरीजवळ दादा भरलेली बादली घेऊन उभे!

"शिमोन, इकडं ये. पाय पुढं कर."

"काय करून राह्यला दादा?"

"पुढं कर म्हनलं ना!"

त्यांचे गुडघे वाकेनात. उभ्यानंच बादली ओतली, शिमोनचं अर्धं धोतर भिजलं. मग कसेबसे चिखलात टेकले आणि त्याच्या टाचेवरून हात फिरवत म्हणाले, "किती भेगा पडल्या रे तुया पायाले..."

शिमोन ढसाढसा रडायला लागला. "मी खोटं बोललो दादा... कोर्टात मी खोटं बोललो." सगळ्यांदेखत बोलला.

आम्ही बाकीचे तिथंच उभे. मला उपदेशाला उभं राहू नको म्हणणाऱ्यांपैकी एकानं मात्र पुढं होऊन दादांना हात दिला, उठवलं.

कृपा हा शब्द मी आजवर कितीजणींना शिकवला असेन. परवा ती डोळ्यांनी पाहिली... प्रभूचे आभार, आणि उठून तो अवघड प्रश्न विचारल्याबद्दल दादांचेही.