आढीवरची मनुबाई

आमच्या वाडीच्या फाटकाशी जी पाटी आहे तिच्यावर मनुबाईचं चित्र आहे. डोळ्यांवर पट्टी, हसरा चेहरा आणि नाकासमोर धरलेला एक हापूस. अलिबागच्या पेंटरने काढलं. नाक थोडं मोठं काढ, असं मीच त्याला सांगितलं होतं. खाली लिहिलंय, 'या, आमच्या मावशींच्या नाकाची परीक्षा घ्या.' हे वाक्यही माझंच. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. आता फाटकातून जाता-येता मी मान वळवून पलीकडे बघते.

आमची वाडी रेवदंड्याच्या अलीकडे. पुढे नारळ-सुपारी, मागच्या चढावर आंब्याची साठेक कलमं. २०२०च्या वादळात एका दुपारीत निम्मी सुपारी आडवी झाली. नवी रोपं लावून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर हात चोळत बसायचं का, म्हणून माझ्या नवऱ्याने, कमलेशने, चार खोल्या बांधल्या आणि आम्ही मुंबईकरांना वाडीत राहायला बोलवायला लागलो. शनिवारी सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरायचं, तिथून रिक्षाने आमच्याकडे, दोन दिवस वाडीतलं जेवण, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवणं, विहिरीवर अंघोळ, आणि जाताना एक-एक पेटी. मे महिन्यात आमच्याकडे खोली मिळणं मुश्किल असतं.

मनुबाई या सगळ्याच्या आधीपासूनची, माझ्याही आधीपासूनची. डोंगराकडच्या एका गावातून अंबाजीशी लग्न करून आली तेव्हा ती सोळाची होती. अंबाजी आमच्या वाडीत नारळावर चढायचा, ती खाली पडलेले नारळ गोळा करायची, झावळ्या विणायची. आढीवर तिला माझ्या आजेसासूने बसवलं. आढी म्हणजे उतरवलेले आंबे भाताच्या पेंढ्यात थरावर थर लावून पिकत घालायचे. लावणं कुणालाही येतं. रोज सकाळी पेंढा उचलून कुठलं फळ तयार झालं, कुठलं उद्यावर आहे, कुठलं आतून बिघडायला लागलंय ते ओळखणं, हे खरं काम. मनुबाई देठाशी नाक न्यायची, क्षणभर थांबायची आणि फळ उजवीकडे, डावीकडे किंवा परत पेंढ्यात ठेवायची. शंभर फळं असोत की हजार, हात थांबायचा नाही. ती प्रत्येक पेटीत चिठ्ठी घालायला लावायची, वरचा थर सोमवारी, खालचा गुरुवारी. आणि तसंच व्हायचं. दादरचे एक काका दरवर्षी फोन करून सांगायचे, तुमच्या बाईने गुरुवार म्हटलं की आंबा बुधवारी ऐकत नाही.

बोलायची कमी. थट्टा-मस्करी तर तिच्या अंगातच नव्हती. कुणी चेष्टा केली तर नीट विचार करून उत्तर द्यायची, त्यामुळे चेष्टा करणाराच ओशाळायचा.

अंबाजी एका पावसाळ्यात माडावरून पडला. पाय सांधला, पण चढणं संपलं. माझ्या सासऱ्यांनी त्याला बोलावून सांगितलं की बाबा, आता घरी बस, तुला काही कमी पडू देणार नाही. त्यांनी शब्द पाळला. तांदूळ जायचे, दिवाळीला कपडे जायचे. अंबाजी ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचा, आणि दुसऱ्या वर्षी गेला. पायाने काही गेला नाही तो. बसूनच गेला. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पाहुणे यायला लागल्यावर खेळाची कल्पना माझ्या डोक्यात आली. बाईच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, तिने हात मागे धरायचे, पाहुण्यांनी एक-एक आंबा तिच्या नाकाशी न्यायचा, आणि तिने जात आणि दिवस सांगायचा. हापूस, परवा. पायरी, आज संध्याकाळी. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला न्हाय जमायचं वैनी, लोकांसमोर. मी समजले, लाजतेय. दोन दिवस मागे लागले आणि तिने मान हलवली. फक्त एक अट घातली. ठमी शेजारी पाहिजे, तिच्याशिवाय धीर होत न्हाय. ठमी आमच्याकडे झाडलोट करते, मनुबाईच्या घराला लागून तिचं घर. मी म्हटलं, असू दे की.

खेळ असा चालला की विचारू नका. लोक मोबाइलवर व्हिडिओ काढायचे, रिव्ह्यूमध्ये जेवणाच्या आधी मावशींचं नाव यायचं. ठमी सुपात तांदूळ निवडत बाजूला बसलेली असायची आणि अधूनमधून खोकायची. तिला मी खोकल्याचं औषधही आणून दिलं होतं. दोन बाटल्या.

पेट्यांच्या तक्रारी मात्र यायला लागल्या होत्या. दादरच्या काकांचा गुरुवार रविवारीच कुजला. मी म्हटलं, उन्हाळा वाढलाय. मनुबाईला विचारलं तर तिने खालमानेने सांगितलं की पेंढा दमट होता. मीही ते धरून बसले, कारण मला तेच सोयीचं होतं.

मागच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी बारा माणसं यायची होती. सकाळी साडेसातला मनुबाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. ठमी चुलतभावाच्या हळदीला गेली होती. मनुबाई म्हणाली की डोकं धरलंय, आज खेळ नको. मी तेव्हा बारा जणांच्या घावन्यांचं पीठ कालवत होते आणि कमलेश मांडव्याला जायला निघाला होता. मी चिडले. लोक बोटीत बसलेत, त्या खेळासाठी बसलेत, आणि तुम्ही ऐनवेळी असं सांगता, असं बरंच काही बोलले. गोळी दिली. तिने गोळी हातात घेतली, पाण्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने धुतलेलं लुगडं नेसून आली.

खेळ चिंचेखाली मांडला होता. पट्टी मीच बांधली. तिच्या कपाळाला घाम होता, तो मी उन्हाचा समजले. पहिल्या बाईंनी हापूस धरला. मनुबाईने वास घेतला, खूप वेळ घेतला, आणि म्हणाली, हापूस, उद्या. बरोबर निघालं. दुसऱ्याला तिने पायरी सांगितलं, तो रायवळ होता. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मी मात्र बघितलं की तिची मान ठमीच्या नेहमीच्या जागेकडे वळली होती. तिथे कुणी नव्हतं.

मग रितेश नावाचा ठाण्याचा एक हसतमुख माणूस पुढे आला. येताना अलिबागात रिक्षा थांबवून त्याने सुके बोंबील घेतले होते. मला डोळा मारून त्याने पिशवीतून एक बोंबील काढला आणि मनुबाईच्या नाकाशी धरला. सुक्या बोंबलाचा वास सांगायला नको. मी चार हातांवर होते तरी मला येत होता. सगळ्यांनी तोंडावर हात धरले. मीही धरला. मनुबाईने एकदा श्वास ओढला, दुसऱ्यांदा ओढला, तिसऱ्यांदा अगदी खोल.

"हापूस," ती म्हणाली. "तयार हाय. आज जेवताना कापा."

जो हशा उठला तो शेजारच्या वाडीत ऐकू गेला असेल. मावशी कसल्या भारी आहेत, टायमिंग बघा, असं लोक म्हणायला लागले. हशा थांबेना, आणि पट्टीखाली मनुबाईचं तोंड हळूहळू हसरं झालं, कारण सगळे हसत होते. लोक कशाला हसतायत ते तिला कळलं नव्हतं. हे फक्त मला कळलं. मनुबाई मस्करी करत नाही.

कुणीतरी पट्टी सोडली. तिने रितेशच्या हातातला बोंबील बघितला, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. "मस्करी केली," ती सगळ्यांना म्हणाली. आणि पदर सावरत आढीच्या खोलीकडे चालत गेली. पळाली नाही, चालत गेली.

मी लोकांना कोकम सरबत द्यायला कमलेशला सांगितलं आणि तिच्या मागे गेले. खोलीत पिकल्या आंब्याचा वास एवढा होता की दारातच घशात बसला. मनुबाई पेंढ्यात बसली होती. तिने एक हापूस दोन हातांनी फाडला होता आणि सगळा तोंडाला लावला होता, नाकाला, गालांना. रस कोपरापर्यंत ओघळला होता. ती ओढून ओढून श्वास घेत होती, बुडणारं माणूस घेतं तसा.

मी तिच्यासमोर बसले. कधीपासून, असं विचारलं.

"कोरोनाचा ताप आलता तवापासून. दुसऱ्या लाटेत," ती म्हणाली. "सगल्यांचा आला परत. माजा आलाच न्हाय."

म्हणजे तीन वर्षं. म्हणजे मी पेंटरला नाक मोठं काढायला सांगितलं तेव्हाही तिला वास येत नव्हता.

मग तिने सांगितलं. हिंग हुंगून बघितला, कापूर, कांदा ठेचून, एकदा तर रॉकेलच्या बाटलीला नाक लावलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की येईल, थांबा. ती थांबली. जेवण मातीसारखं लागतं, म्हणून ती मिरची वाढवत गेली. पूनमला, तिच्या लेकीला, गेल्या साली मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत सगळ्या बायका त्या पोरीची टाळू हुंगत होत्या, हिनेही हुंगली. काहीच आलं नाही. बाहेर येऊन ती मोरीत रडली. खोकणं ठमीने शोधून काढलं होतं. एकदा म्हणजे आज, दोनदा म्हणजे उद्या, तीनदा म्हणजे पुढे, आणि घसा एकदा खाकरला की पायरी, दोनदा खाकरला की रायवळ, नाही खाकरला तर हापूस. आढीची फळंही ठमी काम उरकून हुंगून द्यायची, जेवढी जमतील तेवढी. बाकीची मनुबाई हाताने दाबून, रंग बघून लावायची.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

 तिने दोन्ही रसाळ हात जोडले. या बाईने आमच्याकडे पंचेचाळीस वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं.

"वैनी, मला घरी बसवू नका. आमच्या ह्यांना बसवलं, काय झालं बघितलंत. ह्यो खेळ बंद करा, मी पाया पडते. पर आढी काढू नका माझ्याकडनं. हाताला समजतंय मला. ठमीला संगती द्या, तिच्या हाताखाली करीन. खोलीत असू द्या."

मला वाटतं, त्या वेळी मी हो म्हणायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. तिने मला काय करायचं तेही नीट सांगितलं होतं.

पण बाहेर लोक हसत होते आणि मला तो आवाज ऐकू येत होता. पुढचे चार शनिवार भरलेले होते. पाटी होती, व्हिडिओ होते. पेट्या खराब होऊन चालणार नव्हतं आणि खेळ बंद होऊनही चालणार नव्हता. माझं डोकं आधी कामाचा हिशोब करतं आणि मग माणसाचा, हे मी स्वतःबद्दल आता लिहू शकते. मी तिचे हात धरले, मऊ आवाजात बोलले. म्हटलं, घरी कोण बसवतंय तुम्हाला? पगार आहे तोच राहील. आढी ठमी बघेल, तिचं नाक चांगलं आहे. तुम्हाला आता ते कष्ट नकोत. तुम्ही फक्त खेळ करा. ठमी खोकेल शेजारी, आधीसारखी.

बोलताना मला खरंच वाटत होतं की मी चांगलं वागतेय.

मनुबाईने हात सोडवून घेतले. पदराने तोंड पुसलं, कोपर पुसलं. फाडलेल्या आंब्याची कोय पेंढ्यात पडली होती ती उचलली, कारण तशी राहिली तर मुंग्या येतात. उघडा पडलेला वरचा थर पेंढ्याने झाकला. मग म्हणाली, "व्हय. तुमी म्हनाल तसं."

पुढच्या शनिवारी नऊ माणसं होती. ठमी सूप घेऊन बसली. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पट्टी बांधायला मी पुढे झाले तर मनुबाईने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच बांधली. नऊच्या नऊ बरोबर आले. शेवटच्या फळाला तर ती आधी चुकीचं सांगणार असं दाखवून थांबली आणि मग बरोबर सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मस्करी करायला शिकली होती.

खेळ संपला, ठमी सूप ठेवून आढीच्या खोलीकडे गेली. पाहुणे झेले घेऊन चढावर गेले. मनुबाई चिंचेखाली उभी होती. सकाळचे पावणेअकरा झाले होते. मे महिन्यात ती दिवस मावळायच्या आधी कधी आढीवरून उठली नव्हती. पट्टीची घडी करून तिने माझ्या हातात दिली.

"वैनी, मी जाऊ घरी?"

दुसरं काही काम मला तिच्यासाठी सुचेना. मी म्हटलं, जा.