सातवीच्या वर्गाची पाहणी

पाहुणचारात आमच्या वस्तीचा हात कोणी धरला नसता, आणि त्याच पाहुणचारापायी आमचा सातवीचा वर्ग जाता जाता राहिला. पूर्व नागपुरातली ती कोष्ट्यांची वस्ती, घरोघरी हातमाग, आणि गल्लीच्या तोंडाशी कॉर्पोरेशनची मुलींची शाळा. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि मी सहावीत होते. सातवीत मुली फार कमी येतात, तेव्हा तो वर्ग बंद करून त्यांना रेल्वे फाटकापलीकडच्या शाळेत पाठवावं, असं कॉर्पोरेशनच्या शिक्षण समितीत घाटत होतं. बाबांनी घरात एकदाच सांगून टाकलं होतं की फाटकापलीकडे पोरगी जाणार नाही. म्हणजे सहावी झाली की मी घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणार, हे ठरल्यात जमा होतं. मला ते मुळीच नको होतं.

समितीची माणसं वर्ग बघायला येणार असा निरोप आला आणि सारी वस्ती कामाला लागली. पुरुषांनी गल्ली मोकळी केली, बायकांनी सडे घातले. हिवाळा होता, सांभार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त होता, म्हणून सांभारवड्या करायचं ठरलं. एवढ्या वड्या लाटायच्या, दारोदार रांगोळ्या काढायच्या, तर हाताशी मोठ्या मुली हव्यातच. सातवीच्या झाडून साऱ्या मुली त्या दिवशी घरी ठेवल्या गेल्या, आणि एवढ्या शहाण्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात काही आलं नाही. पाहुणे आले, वड्या खाल्ल्या, वाखाणल्या, मग शाळेत गेले. तिथे आमच्या बाई रिकाम्या बाकांसमोर खडू घेऊन उभ्या होत्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना उमगलं. कोणी बाईंना दोष दिला, कोणी नशिबाला. आई मात्र स्वतःवरच चिडली होती, कारण वड्यांची कल्पना तिची होती. समितीची पुढची बैठक कधी, हे ती नगरसेवकांच्या घरी जाऊन विचारून आली आणि त्या दिवशी माग बंद ठेवून शेजारच्या बायकांना घेऊन थेट कॉर्पोरेशनच्या इमारतीत गेली. मलाही नेलं. मागच्या बाकांवर बसू दिलं, पण बोलायची मुभा नव्हती. बोलायचं ते नगरसेवकांनी, असा नियम होता. आमचे नगरसेवक भले गृहस्थ, ते उठले, घसा साफ केला आणि रिकाम्या बाकांचा विषय निघताच खाली बसले. मला त्यांचा असा राग आला की आजही येतो.

चहाची सुट्टी झाली तशी आई दारापाशी जाऊन उभी राहिली आणि समितीचे अध्यक्ष बाहेर येताच त्यांना सामोरी गेली.

"तुमी पोरी पाहाले आले होते, आमी तुमाले वड्या दाखवल्या," ती म्हणाली. "चूक आमची आहे. पुन्हा या. पन सांगून नका येऊ."

अध्यक्ष हसले, पण त्यांनी तो विषय वार्षिक परीक्षेपर्यंत पुढे ढकलला.

खरी लढाई त्यानंतर गल्लीत झाली. कारण वड्या एका दिवसाच्या होत्या, पण एरवीही मुली शाळेत कमीच जात. रोज सकाळी गल्लीत ताणा लागायचा, म्हणजे मागावर चढवायचं लांबच लांब सूत दोन टोकांना ताणून धरायचं, आणि ते धरायला घरातली मोठी मुलगी लागायची. शाळेची घंटा झाल्यावर एकही मुलगी ताण्यावर दिसायला नको, हे आई घरोघर सांगत सुटली. पुरुष कुरकुरले. बाबाही म्हणाले, मंग ताणा कोण धरन?

"काहून," आई म्हणाली, "तुमचे हात कुठं गेले?"

बाबा तणतणत मागावर जाऊन बसले. पण घंटा झाली की ती माझ्या हातातलं टोक काढून घ्यायची आणि स्वतः धरायची. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही तेच धरलं, आणि वर्ग हळूहळू भरू लागला.

अध्यक्ष आले ते खरोखरच न सांगता. बाईंनी मला त्यांच्या घरी राहिलेला खडूचा डबा आणायला धाडलं होतं, म्हणून मी ते पाहिलं. गल्लीत कोणी उठलं नाही, कोणी खुर्ची टाकली नाही. आईचा जीव तुटला असणार, कारण पाहुण्याला दारात उभं ठेवायची आमच्याकडे रीत नव्हती. अध्यक्षांनी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. तिनं ताण्यावरचे हात काढले नाहीत.

"पानी शाळेत मागा साहेब," ती म्हणाली. "घरी द्याले कोनी पोरगी नाही."

त्यांना पाणी सातवीतल्या मुलीनं दिलं. पुढच्या वर्षी त्याच वर्गात मी बसले, आणि घंटा झाली की ताण्याचं दुसरं टोक बाबा धरायचे.