गिरजाचा पाय

ही गोष्ट मी आजवर कोणाले सांगितली नाही. लेकाले नाही, भावाले नाही. मारुतीच्या पारावर इतकी वर्षं बसतो, तिथं माणसं मनातलं काय-काय ओकतात — मी हे नाही ओकलो. तुमची-माझी ओळख नाही. म्हणून तुमाले सांगून राह्यलो.

माझी बायको गिरजा पोळ्याच्या आधी गेली. पायानं गेली. म्हणजे — तिले शुगर होती, पायाची जखम भरली नाही. आधी बोटं कापली, मग घोट्यापासून पाय कापला, तरी ते विष वर चढतच गेलं. भेटायले आलेला माणूस दारातच विचारे, "पायाले काय झालं होतं हो?" घरातलं कोणी तरी सांगे, "गाडी पाडून घेतली अंगावर. शेड झाडता झाडता धक्का मारला." माणूस च्च-च्च करे. एक जण तर म्हणाला, बायाले कितीही सांगा, हात लावल्याशिवाय राहत नाही. मी भिंतीले टेकून बसलेलो. मान हलवली मी.

गिरजानं धक्का मारला नव्हता. त्या दिवशी तिच्या हातात झाडूच नव्हता.

झालं सांगून? नाही. इतकंच असतं तर कधीच सांगून टाकलं असतं.

आमचं गाव आदिलाबादकडं, बेल्याजवळ. घराच्या बाजूले टिनाची शेड आहे, आधी तिथं बैलगाडी राहे. बैल गेले, मग मोटरसायकल आली. गाडी संतोषची, माझ्या लेकाची. तो आदिलाबादले नोकरीले, रविवारचा येई. मागच्या चाकात काळा चिखल भरून चाक जाम झालं होतं. फोनवर त्यानं मले साफ सांगितलं, "बाबा, तुमी खोलू नका. डबल स्टँड तुटलेलं आहे, गाडी उभी राहणार नाही. मी आलो का मिस्त्रीकडं नेतो."

मले राग आला. मी काय लेकरू आहे? जन्मभर बैलगाडीची चाकं काढून वंगण घातलं. आखाखाली पहार घालायची, गाडी उचलायची, लाकडाचा टेकू सारायचा, चाक काढायचं. यात काय मिस्त्री पाहिजे? पण बैलगाडीले दुसऱ्या बाजूले दुसरं चाक असते, ती कुठं पडते? मोटरसायकलची दोनी चाकं एका रांगेत. टेकूवर उचलली का कोणीकडंही कलते. हे मले कळत नव्हतं का? कळत होतं. खोटं काऊन बोलू — कळत होतं म्हणून तर गिरजाले हाक मारली.

"अवो, भाकर तव्यावर आहे माझी."

"जळू दे. इकडं ये, धर."

ती पिठाचे हात पुसत आली. पहारीनं उचलून मी इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सारला. मागचं चाक जमिनीपासून सुटलं. मी डाव्या बाजूले, ती उजव्या बाजूले, कॅरिअर धरून. शेडची जमीन काळ्या मातीची, वरून सारवलेली, आतून भुसभुशीत. ठोकळ्याचं एक टोक खचून राह्यलं होतं. मी पाहिलं होतं ते.

चाकाचा आख गंजलेला, निघे ना. मी एका हातानं सीट धरली आणि दुसऱ्या हातानं हातोडा मारत गेलो. माझ्या बाजूनं मारे, म्हणजे दर घावाले गाडी तिच्याकडं जाये.

"डगमगून राह्यली वो ही. विठ्ठल भावजीले बोलवा," ती म्हणाली. विठ्ठल म्हणजे आमचा शेजारी, घरीच होता, खोकलणं ऐकू येत होतं.

"तूच हो मिस्त्री. मी जातो भाकरी थापाले," मी म्हणालो.

ती हसली जराशी. मी आणखी एक घाव मारला.

ठोकळा सटकला. आता हे नीट लिहितो. गाडी तिच्या बाजूले चालली तेव्हा माझा डावा हात सीटवर होता. पक्का होता. मी आपल्याकडं ओढली असती तर गाडी माझ्यावर आली असती, नाही तर मधेच थांबली असती. मी ओढली नाही. हात काढून घेतला आणि मागं उडी मारली. आजवर मी मनाशी म्हणत आलो का निसटला हात. निसटला नाही. काढला.

गाडी तिच्या पायावर पडली. फुटरेसचं लोखंड पावलात घुसलं. ती ओरडली नाही, खाली बसली नुसती, आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "उचला."

मी वाकलो. आणि पहिले पाहिलं ते टाकीले पोच पडला का. संतोष काय म्हणंल, हे डोक्यात. किती वेळ पाहिलं? फार नाही. पण पाहिलं, आणि तिनं मले पाहताना पाहिलं. मग गाडी उचलली.

दवाखान्यात डॉक्टर तेलुगु बोले, म्हणून मी हिंदीत सांगितलं, "झाडू मारते मारते इसीने गिरा ली, साब." गिरजाले हिंदी समजते. बाजारात भाव करायची ती. ती माझ्या तोंडाकडं पाहत राह्यली आणि मग छताकडं पाहू लागली. नर्स तिले रागावली, काय अम्मा, बघून चालता येत नाही का. संतोष आला, तो बी रागावला. "आई, तुले काय काम होतं गाडीजवळ?" ती म्हणाली, "चुकलंच बाप्पा." मी तिथंच उभा होतो. चहा घेऊन येतो म्हणून बाहेर गेलो.

मग ते रोजचं झालं. पाहुणे आले का मीच सुरू करे — "हिले मिस्त्री व्हायचं होतं." लोक हसत. ती बी हसे आणि लुगडं ओढून पाय झाके. मी काऊन असं करे? दुसऱ्या कोणी खरं काढू नये म्हणून मीच खोटं पुढं करे. भीत होतो तिले. आज सांगंल, उद्या सांगंल. तिनं नाही सांगितलं. दोघंच घरात असलो तरी तो विषय नाही काढला. एक डाव पट्टी बदलताना मी म्हणालो, "दुखते का?" ती म्हणाली, "तुमाले काय करायचं?" बस.

आता शेडमधी संतोषनं सिमेंट टाकलं आहे. नवी गाडी आहे, तिले डबल स्टँड आहे. तो कडक जमिनीवर उभी करते, पुढच्या चाकाले दोनी बाजूनं दगड लावते, ब्रेकच्या मुठीले जुन्या ट्यूबची पट्टी आवळते, हलवून पाहते, मगच मागं हात लावते. मी खाटेवरून पाहतो. एवढंच होतं ते.

काल तो चैन धुऊन राह्यला होता. सून, वैशाली, फडकं द्यायले जवळ गेली. तो खेकसला, "सरक तिकडं! आईसारखं करून घेशील. तिले बी अक्कल नव्हती, सांगितलेलं ऐके नाही. काय बाबा?"

वैशाली माझ्याकडं पाहत होती. तिले गिरजाचा लई लळा होता, शेवटी तिनंच केलं सगळं. ती वाट पाहत होती का मी दोन शब्द बोलीन सासूसाठी. गिरजा आता नाही. भ्यायचं कोणाले? बोलता येत होतं.

मी म्हणालो, "हो. ऐकेच नाही ती."

फडकं ठेवून वैशाली आत गेली.

म्हणून आज लिहायले बसलो. एक राहिलं आहे, ते लिहितो.

गाडी कलली तेव्हा गिरजाले बाजूले होता येत होतं. जागा होती मागं, मोकळी होती. मी उडी मारली तशी तिनंही मारली असती तर गाडी जमिनीवर पडली असती आणि ती आज चुलीपुढं असती. तिनं कॅरिअर सोडलं नाही. दोनी हातानं लावून धरलं, पाय रोवून. कारण चाक उचलताना मी तिले म्हणालो होतो, "काही झालं तरी सोडू नको. टाकीले पोच पडंल."

तिनं ऐकलं होतं.